चिमणी अंगणात, बाई कोपऱ्यात

गेल्या हिवाळ्यात आम्ही अकरा जणी एक संग्रहालय पाहायला गेलो होतो. त्यातल्या सात जणी सिन्नरकडच्या, विड्या वळणाऱ्या. कोणते संग्रहालय, कोणत्या गावचे, ते मुद्दामच सांगत नाही. तक्रार त्या एका संग्रहालयाविरुद्ध नाही. जुन्या उद्योगधंद्यांच्या खुणा जपणाऱ्या बहुतेक ठिकाणी थोड्याफार फरकाने हेच पाहायला मिळते.

फाटकातून आत गेल्यावर मोठे मोकळे आवार होते. झाडांखाली एक जुना बॉयलर, तेलावर चालणारे इंजिन, उसाचा लोखंडी चरक, एक गंजलेली लेथ. सगळ्यांना नवा रंग दिलेला. प्रत्येकापुढे पाटी : यंत्र कोठे बनले, कोणत्या साली आले, किती अश्वशक्तीचे. पोरे इंजिनावर चढून फोटो काढत होती. मग आम्ही आतल्या दालनात गेलो. तिथे एका कोपऱ्यात नऊवारी नेसवलेला बाईचा पुतळा होता. पुढ्यात जाते, बाजूला उखळ, तांब्याचा हंडा, भिंतीला टेकवलेले सूप. पाटीवर लिहिले होते 'पारंपरिक स्त्रीजीवन'. साल नाही, गाव नाही, त्या बाईला कोणी मजुरी दिली की नाही याचा तर प्रश्नच नाही.

आमच्यातल्या एका मावशीने ते सूप बराच वेळ पाहिले आणि माहिती सांगणाऱ्या मुलाला विचारले, "बाबा, या सुपात मी चाळीस वर्षं विड्या वळल्या. माझं सूप आणून दिलं तर कुठं ठेवशील? बाहेर इंजिनापाशी, का इथं बाहुलीपाशी?" तो हसला आणि म्हणाला, "इथंच की मावशी." आम्हीही हसलो. परतीच्या एस.टी.त मात्र कोणी हसत नव्हते. सूप बाहुलीपाशी ठेवायचे म्हटले की मावशीची चाळीस वर्षे घरकामात जमा होतात. इंजिनापाशी ठेवले तरच ती कामगार ठरते. एवढासा प्रश्न, पण कायद्याशी, पेन्शनशी आणि आपल्या चळवळीच्या निम्म्या भांडणांशी त्याचे नाते आहे. म्हणून हा लेख.

आवार आणि दालन

मोकळ्या आवारातल्या संग्रहालयाची कल्पना आपल्याकडची नाही. १८९१ साली स्वीडनमध्ये स्टॉकहोमला स्कान्सेन हे अशा प्रकारचे पहिले मोठे संग्रहालय सुरू झाले. जुनी घरे, शेतवाड्या, कारागिरांची दुकाने उचलून एका टेकडीवर पुन्हा उभी केली. पुढे कारखाने बंद पडू लागले तसतशी उद्योगांचीही संग्रहालये झाली. कोळशाच्या खाणी, भट्ट्या, गिरण्या, ट्राम, दुकाने, कामगारांच्या चाळी असे सगळे एका आवारात.

आपल्याकडे कोल्हापूरजवळ कणेरी मठावर सिद्धगिरीचे ग्रामजीवन संग्रहालय आहे. सहलीच्या बसेस तिथे रांगेने उभ्या असतात. जुने स्वयंपूर्ण गाव, बारा बलुतेदार, शेतकरी, पाणवठा असे सारे उघड्यावर पुतळ्यांतून दाखवले आहे. पुतळे इतके हुबेहूब आहेत की पोरे हात लावून पाहतात. पण पुतळ्याला भूक लागत नाही आणि तो बलुते कमी मिळाले म्हणून भांडतही नाही. कोणाच्या अंगणापर्यंत कोणाला येता येत होते, हेही पुतळ्यावरून समजत नाही. ते समजवायचे तर शेजारी कोणीतरी बोलले पाहिजे, कागद दाखवले पाहिजेत. म्हणजे आतले दालन लागते.

मुंबईत काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या जागेवर महानगरपालिकेने वस्त्रोद्योगाचे संग्रहालय हाती घेतले. बाहेर तलाव, भित्तिशिल्पे, मोकळी जागा आणि गिरणीच्या जुन्या इमारतींत यंत्रांची व इतिहासाची दालने, असा बेत वर्तमानपत्रांतून आलेला आहे. तलाव आणि कारंजे कोणालाही आवडेल, आम्हालाही आवडेल. पण गिरणगावातल्या बायका त्या जागेत असतील की नसतील, हे ठरणार आहे ते आतल्या दालनात.

याचे कारण साधे आहे. पुरुषांचे काम मोठ्या यंत्रावर, मोठ्या छपराखाली झाले. यंत्र लोखंडाचे. ते पावसात उभे राहते, नुसते उभे राहूनही लोकांच्या नजरेत भरते. बायकांचे काम बहुतेक करून घरात, ओट्यावर, खोलीच्या कोपऱ्यात झाले. त्यांची हत्यारे म्हणजे सूप, कात्री, दोऱ्याचे रीळ, रहाट, परात. ती आवारात ठेवली तर एका पावसाळ्यात कुजतील. त्यांना छप्पर लागते आणि अर्थ सांगणारी पाटीही लागते. म्हणून उद्योगांच्या संग्रहालयात बाईला जागा मिळालीच तर ती आतच मिळणार. आणि आत गेल्यावर तिला कामगार म्हणायचे की 'पारंपरिक स्त्री', हे पाटी लिहिणाऱ्याच्या हातात असते.

एकाच वस्तूची दोन नावे कशी होतात याचे उदाहरण आपल्या ओळखीचे आहे. लाटणे घ्या. स्वयंपाकघराच्या देखाव्यात ते 'गृहोपयोगी वस्तू' आहे. पण १९७२-७३ च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईतल्या हजारो बायका हेच लाटणे घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्या दालनात ठेवले तर ते राजकारणाचे हत्यार आहे. लाकूड तेच, पाटी वेगळी.

नाशिकचा उद्योग कोणता?

नाशिकच्या उद्योगांचे संग्रहालय करायचे ठरले तर यादी कशी होईल ते आपण आजच सांगू शकतो. नाशिकरोडला १९२५ पासून चाललेला सिक्युरिटी प्रेस, ओझरचा विमान कारखाना, एकलहऱ्याचे वीजकेंद्र, सातपूर-अंबडच्या वसाहती, भांड्यांच्या बाजारातले तांबट, थळ घाटातून आलेली रेल्वे. यातले काहीच खोटे नाही, सगळे असावे. पण या यादीत जिल्ह्यातल्या ज्या धंद्यांनी हजारो बायकांना राबवले ते कुठे आहेत?

पहिला धंदा विडीचा. सिन्नर, त्याला लागून संगमनेर, अकोले, पुढे नगर, सोलापूर हा सारा विडीचा पट्टा. एक विडी हातात धरून पाहा. तिचे पान टेंभुर्णीचे. विदर्भातल्या आणि मध्य प्रदेशातल्या जंगलांत उन्हाळ्याच्या ऐन भरात ते तोडून, पुडके बांधून आणायचे काम बव्हंशी आदिवासी कुटुंबे करतात आणि त्यात बायका-पोरी पुढे असतात. तंबाखू येते निपाणीकडून, गुजरातेतून. निपाणीच्या वखारींत तंबाखू कुटायला, चाळायला बायकाच. तिथल्या धुरळ्यात नाकातोंडाला पदर बांधून उभ्या राहणाऱ्या या बायकांनी १९८० च्या आसपास संघटना करून मजुरीसाठी जो लढा दिला, त्यावर युगांतर या स्त्रियांच्या गटाने १९८२ साली त्यांच्याच सहभागाने माहितीपट केला. आणि शेवटी पान भिजवून, पत्र्याच्या मापाने कापून, चिमूटभर तंबाखू घालून, वळून, तोंड दुमडून, दोरा बांधायचे काम सिन्नरच्या घरोघर. म्हणजे एका विडीवरून तीन मुलुखांतल्या बायकांचे हात फिरलेले असतात. कोणत्या इंजिनाची गोष्ट याहून मोठी आहे?

दुसरा धंदा येवल्याच्या पैठणीचा. पैठणीचे कौतुक आपल्याकडे कमी नाही. येवल्याच्या पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक ओळख मिळाली. प्रदर्शनात माग मांडला की त्यावर बसलेला विणकर दाखवतात. पण रेशीम उलगडून असारीवर घेणे, रहाटावर कांड्या भरणे, तुटलेला तार शोधून जोडणे, ही कामे घरातल्या बायका करत आल्या. आता बऱ्याच ठिकाणी बायका स्वतः मागावर बसतात, ही चांगली गोष्ट. पण जे काम पिढ्यान्पिढ्या 'घरच्या बाईचा हातभार' या नावाखाली गेले त्याची मजुरी वेगळी कधी मोजलीच गेली नाही. साडीची किंमत सगळ्यांना माहीत असते. कांडी भरायला किती तास लागले, हे विचारतो कोण?

तिसरा धंदा ऐकून काही जणींना नवल वाटेल. सिनेमा. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत पडद्यावर आला आणि त्याच वर्षी त्यांनी आपला कारखाना नाशिकला आणला. 'मोहिनी भस्मासुर' इथे झाला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, पुढे गोखले, यांनी कामे केली. पहिल्या चित्रपटात बायकांची कामे करायला बाई मिळाली नव्हती, पुरुषानेच तारामती रंगवली होती. दुसऱ्यात या दोघी मायलेकी उभ्या राहिल्या. लोक काय म्हणतील, हे त्या काळात आपल्या काळाहून शंभर पटींनी अवघड होते. आणि पडद्यामागे सरस्वतीबाई फाळके. कोऱ्या फिल्मला भोके पाडणे, अंधारात फिल्म धुणे, रसायने मिसळणे ही कामे त्या शिकल्या. भांडवलासाठी दागिने दिले. शिवाय कंपनीच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक. पांडवलेण्याच्या पायथ्याशी महानगरपालिकेचे फाळके स्मारक आहे. मोकळे आवार, बाग, सभागृह. आपल्या जिल्ह्यात उद्योगाचे स्मारक म्हणता येईल अशी ती एक मोठी जागा आहे. सरस्वतीबाईंना आपण 'दादासाहेबांच्या मागे खंबीरपणे उभी राहिलेली पत्नी' म्हणतो. फिल्म धुणारा पगारी माणूस असता तर त्याला तंत्रज्ञ म्हटले असते.

घर हाच कारखाना

यावर कोणी म्हणेल, शब्दांनी काय होते? विडी कामगार बायकांना विचारा.

विडी पूर्वी कारखान्यात बसून वळली जात असे. कायदे आले, हजेरी आली, तसे मालकांनी काम घरी पाठवायला सुरुवात केली. पान-तंबाखू मोजून द्यायची, विड्या मोजून घ्यायच्या. मधली खोली, दिवा, पाणी, सूप, पोरांचे हात हे सगळे बाईचे. मोजताना वाईट म्हणून काढलेल्या विड्यांची छाट बाईच्याच माथी. आणि कोणी विचारलेच तर, ती कामगार नाहीच, फावल्या वेळात घरी काहीतरी करते.

१९६६ साली विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला आणि त्यात घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हटले गेले. मालक न्यायालयात गेले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. १९७६ साली कल्याण निधीचा कायदा आला. १९७७ पासून भविष्य निर्वाह निधी लागू झाला तेव्हा पुन्हा तोच वाद : घरी काम करणारी 'कर्मचारी' कशी? १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घरी बसून विड्या वळणारेही कर्मचारीच आहेत, त्यांना फंड मिळाला पाहिजे. १९८८ साली इला भट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने 'श्रमशक्ती' अहवालात घरी राबणाऱ्या अशा बायकांचे जगणे देशापुढे मांडले. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरी काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला, त्याला आपल्या देशाने मान्यता दिलेली नाही. २०१७ साली जी.एस.टी. आला तेव्हा कल्याण निधीसाठीचा विडीवरचा उपकर गेला. १९६६ चा कायदाही २०२० च्या नव्या श्रमसंहितेत मिसळून टाकला गेला.

हा सगळा इतिहास 'सूप कुठे ठेवायचे' याच प्रश्नाचा आहे. न्यायालयात वर्षानुवर्षे भांडण चालले ते यावरच, की घराच्या चार भिंतींत केलेले काम हे काम आहे की नाही. न्यायालयाने 'आहे' म्हटले. संग्रहालय अजून 'नाही' म्हणते आहे. आणि संग्रहालयात शाळेची पोरे येतात. त्यांना न्यायालयाचा निकाल कोणी वाचून दाखवत नाही, ती बाहुली पाहून घरी जातात.

दुसऱ्या देशातली एक इमारत

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या भागाला काळा मुलूख म्हणत, कोळसा आणि लोखंडाच्या धुराने काळा झालेला. तिथे डडली गावात १९७८ साली ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियम सुरू झाले. मोकळ्या आवारात कालवा, ट्राम, दुकाने, खाण, भट्ट्या. या भागातल्या क्रॅडली हीथ गावात बायका घरामागच्या लहान भट्ट्यांत लोखंडी साखळ्या घडवत. पोरे जवळच खोक्यात झोपवलेली. मजुरी नगावर, मधला अडत्या कच्चे लोखंड देई आणि साखळी मोजून घेई. आपल्या सिन्नरचेच चित्र, फक्त पानाऐवजी लोखंड.

१९०९ साली तिथे किमान मजुरी ठरवणारा कायदा आला आणि साखळीकामाला ताशी अडीच पेन्स दर ठरला. अनेक बायकांची मजुरी त्याने जवळजवळ दुप्पट होणार होती. मालकांनी युक्ती केली : आम्हाला सहा महिने हा दर नको, अशा कागदावर बायकांचे अंगठे-सह्या घ्यायला लागले. बऱ्याच जणींना वाचता येत नव्हते. मेरी मॅकआर्थर यांच्या नेतृत्वाखाली १९१० मध्ये सुमारे आठशे बायकांनी काम बंद केले. दहा आठवड्यांनी मालक नमले. देशभरातून आलेल्या मदतीतून पैसे उरले आणि त्यातून १९१२ साली गावात कामगारांचे सभागृह बांधले.

पुढे रस्त्यासाठी ते सभागृह पाडायची वेळ आली. तेव्हा, २००० नंतरच्या दशकात, ते सुटे करून संग्रहालयात नेऊन पुन्हा उभे केले. आज त्या आवारात भट्टीही आहे आणि ते सभागृहही. भट्टीवर साखळी कशी घडते ते दिसते. ती घडवणाऱ्या बाईला किती मिळत होते आणि तिने ते कसे वाढवून घेतले, ते सभागृहाच्या आत समजते. आपल्याला हवे ते नेमके हेच. बाहेरचे आणि आतले, दोन्ही.

गिरणगावाकडे याच नजरेने पाहा. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचातली एक कामगार बाई होती, बहुतेक रीळ आणि वाइंडिंग खात्यात. त्यांच्यावर नायकीण असे, ती काम देई आणि त्याबद्दल पैसेही उकळी. ही गोष्टही लपवू नये. १८९१ च्या कायद्याने बायकांचे तास अकरावर आले, १९२९ साली मुंबई प्रांताने देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा केला. आणि पुढे रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रे, कामगारकपात यांत आधी गेल्या त्या बायकाच. १९८२ च्या संपापर्यंत त्या शेकड्यात मोजक्याच उरल्या होत्या. पण गिरणगाव त्यांच्यावर चालतच होते. खाणावळी चालवणाऱ्या बायका दहा बाय दहाच्या खोलीत वीस-वीस गड्यांचे जेवण करत. १९७५ साली प्रेमा पुरव यांच्याबरोबर चौदा खाणावळवाल्या एकत्र आल्या आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. काळाचौकीच्या दालनांत लाल बावट्याच्या पार्वतीबाई भोर, उषाताई डांगे असतील का? खाणावळीचा तवा असेल का? आणि असला तर तो साच्यापाशी असेल, की 'गिरणगावची खाद्यसंस्कृती' म्हणून वेगळ्या कोपऱ्यात?

आमच्यातलेच वाद

हा विषय बैठकीत काढला तेव्हा सगळ्या जणी एका मताच्या नव्हत्या. एक म्हणाली, विडीचा वारसा कसला जपता? ओढणाऱ्याला कॅन्सर, वळणाऱ्याला खोकला, पाठदुखी. हा धंदा बंदच झाला पाहिजे. दुसरी म्हणाली, पेन्शनचे हेलपाटे घालून बाया थकल्या आणि तुम्हाला संग्रहालय सुचते.

पहिलीचे म्हणणे खरे आहे. विड्या वळणाऱ्या बहुतेक जणींना आपल्या मुलीने हे काम करू नये असेच वाटते. पण आपण गौरव करायचा तो विडीचा नाही. कोळशाच्या खाणीचे संग्रहालय म्हणजे कोळशाच्या धुराचा गौरव नव्हे. त्याच दालनात खोकल्याचे, पाठीचे, तंबाखूच्या धुरळ्यात वाढलेल्या पोरांचेही सांगितले पाहिजे. उलट धंदा संपणार असेल तर घाई जास्त आहे. धंदा संपला की त्यात आयुष्य घातलेल्या बायका आधी विसरल्या जातात, मग नाकारल्या जातात.

दुसरीला उत्तर देताना मला एक प्रसंग सांगावा लागला. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका गावात विडीची एक शाखा बंद झाली. जागा विकली गेली. माळ्यावर हजेरीच्या, पान-तंबाखू वाटपाच्या जुन्या वह्यांचे गठ्ठे होते. ते रद्दीत गेले. आम्हाला कळेपर्यंत उशीर झाला होता. त्या गावातल्या तीन बायकांच्या फंडाच्या कागदांत नावाची चूक होती, एकीच्या नोकरीची वर्षेच कमी धरली होती. पुरावा आणा, असे सांगितले गेले. पुरावा किलोच्या भावाने गेला होता. २०१४ साली किमान पेन्शन महिना हजार रुपये ठरली. हजार रुपये म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे, पण त्या बाईसाठी ते तिच्या हक्काचे होते.

त्या वह्या कोणी 'वारसा' समजून कपाटात ठेवल्या असत्या तर त्या आज एकाच वेळी इतिहासही असत्या आणि पुरावाही. म्हणून पेन्शन आधी की संग्रहालय आधी, हा वाद मला खोटा वाटतो. कागद जपणे हे दोन्हींचे पहिले काम आहे.

आपण काय मागायचे

जिथे जिथे उद्योगांचे असे संग्रहालय, स्मारक किंवा प्रदर्शन होईल, तिथे महिला संघटनांनी लेखी मागण्या द्याव्यात. आमच्या बैठकीत ज्यांवर एकमत झाले त्या अशा :

१. 'स्त्रीजीवन' असे वेगळे दालन नको. प्रत्येक धंद्याच्या दालनात त्या धंद्यातल्या बायका असाव्यात. वस्तू कोणाची, कोणत्या सालची, कोणत्या कामाची हे यंत्राच्या पाटीइतक्याच नेमकेपणाने लिहावे.

२. प्रत्येक यंत्रापुढे अश्वशक्तीबरोबर मजुरीही लिहावी. पुरुषाला किती, बाईला किती, किती तासांचे.

३. घर हा कारखाना म्हणून दाखवावा. विडी कामगाराची खोली खऱ्या मापाने बांधावी, तीत चूल, पाळणा आणि सूप एकत्र असावेत. पाहणाऱ्याला त्या खोलीत शिरून, खाली बसून पाहता आले पाहिजे.

४. बायकांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेले ऐकायला मिळावे. मुंबईतल्या 'स्पॅरो' या संस्थेने १९८८ पासून बायकांचे आवाज, चित्रे, कागद जपण्याचे काम केले आहे, त्यामुळे हे कसे करायचे हा प्रश्न नवा नाही. सांगणारीची परवानगी घ्यावी आणि तिचा जेवढा दिवस मोडतो तेवढी मजुरी तिला द्यावी.

५. बंद होणाऱ्या कारखान्यांच्या, शाखांच्या वह्या, कार्डे, हजेरीपट संग्रहालयाने ताब्यात घ्यावेत आणि कामगारांना ते विनामूल्य पाहता यावेत.

६. सल्लागार समितीत त्या धंद्यात काम केलेल्या बायका निम्म्या असाव्यात. नुसत्या उद्घाटनाला ओवाळायला नकोत.

७. कामगार बायकांना तिकीट नसावे. बसायला बाके, प्यायला पाणी आणि स्वच्छ संडास असावेत. हे लहान वाटते, पण ज्या संग्रहालयात बाईला तीन तास थांबता येत नाही ते तिच्यासाठी बांधलेलेच नाही.

मैत्रिणींनो, सरकार किंवा महानगरपालिका दालन बांधेल तेव्हा बांधेल. तोवर आपण हात बांधून बसायचे कारण नाही. तुमच्या गावात जी म्हातारी विड्या वळत होती, कांड्या भरत होती, खाणावळ चालवत होती, तिच्यापाशी जाऊन बसा. तिचे ओळखपत्र, फंडाची स्लिप, मोर्चातला फोटो यांचे फोनवर नीट फोटो काढून ठेवा आणि मूळ कागद तिच्यापाशीच राहू द्या. तिचे बोलणे ध्वनिमुद्रित करा. मापाचा पत्रा, कात्री, रहाट कोणी भंगारात घालत असेल तर थांबवा. शाखा बंद होते आहे असे कानावर आले तर त्याच दिवशी वह्यांची चौकशी करा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

मावशीचे सूप आम्ही आणून ठेवले आहे. सध्या ते संघटनेच्या खोलीत, कपाटावर आहे. त्याला आम्ही पाटीही लावली आहे. मजकूर मावशीनेच सांगितला. तिचे नाव, तिचे गाव, 'विडी कामगार, चाळीस वर्षे', आणि खाली दर हजार विड्यांना तिला पहिल्या वर्षी मिळालेली मजुरी. ती रक्कम वाचून खोलीत येणारी प्रत्येक जण थांबते. संग्रहालयाला सूप हवे असेल तर आम्ही जरूर देऊ. पण पाटीसकट.